दुर्बीण वर्षातून एकदा नको, दर महिन्याला हवी

मी खगोलशास्त्रज्ञ नाही. बी.कॉम. झालो, सगळी नोकरी बँकेत काढली, आता सत्तरी ओलांडली. पण जमाखर्च मला कळतो. आपल्या इंदूरच्या मराठी मंडळांनी वर्षातून एकदा आकाशदर्शन उरकायची जी पद्धत पाडली आहे, तिचा जमाखर्च काही जुळत नाही. स्पष्टच लिहितो, राग मानू नये.

मागे अशा एका कार्यक्रमाला गेलो होतो. बॅनर, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा सत्कार, आणि मग दोन तास आकाश. दुर्बीण एक, माणसं दोनशे. दोन तासांचे सेकंद 7,200. माणशी 36, आणि त्यातच स्टुलावर चढणं-उतरणं. त्यात दिवस निवडला पौर्णिमेचा! पौर्णिमेच्या चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, खड्डे-डोंगर सपाट दिसतात. वर त्याच्या उजेडात बाकीचे तारे फिके. चंद्र बघायचा तर शुक्ल सप्तमी-अष्टमीला. अर्ध्या चंद्राच्या कडेशी लांब सावल्या पडलेल्या असतात, प्रत्येक खड्डा वाटीसारखा उठून दिसतो. माझ्या पुढचा मुलगा उतरता उतरता आईला म्हणाला, "मम्मी, बस एक लाइट था." त्या बिचाऱ्याचा काय दोष?

एका नोंदीवरून खातं कळत नाही, त्याला पासबुक लागतं. आकाशाचंही तसंच. गॅलिलिओने 7 जानेवारी 1610 ला गुरूशेजारी तीन ठिपके पाहिले, ते त्याला साधे तारेच वाटले. दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या, पुढे आणखी बदलल्या, आठवड्याभरात चौथा सापडला. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की हे गुरूभोवती फिरणारे चंद्र आहेत. तो एकच रात्र बघून घरी गेला असता तर? शनीचं घ्या. 2025 मध्ये त्याची कडी आपल्याकडून जवळजवळ कडेवर दिसत होती, म्हणजे नुसती बारीक रेघ. आता ती हळूहळू उघडत जाणार, 2032 च्या सुमारास चांगली रुंद दिसतील. जो एकदाच आला तो म्हणेल, फोटोत तर किती छान दिसतात! जो दरवर्षी येईल त्याच्या डोळ्यांसमोर ती उघडतील. म्हणून म्हणतो, मोठी एकरकमी ठेव नको, रिकरिंग काढा. महिन्याला एक संध्याकाळ, तीस माणसं, सत्कार शून्य.

"हे आपलं काम नाही, त्यापेक्षा ज्योतिष शिबिर ठेवा, हॉल भरतो," असं एका बैठकीत ऐकलं. हॉल भरतो हे खरं. पण आपलं काम नाही, हे मला मान्य नाही. तासाभरावर उज्जैन आहे. सवाई जयसिंगाची तिथली वेधशाळा मोडकळीला आली होती. 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करून घेतली आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. पंचांग वेधाशी ताडून बघणारी ही आपली माणसं. तिथल्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत ध्रुवाकडे रोखलेली आहे, आणि तिच्या सावलीवरून वेळ वाचता येते. ही वेळ उज्जैनची स्थानिक वेळ, घड्याळाच्या साधारण 27 मिनिटं मागे. शिवाय सूर्याची स्वतःची चाल वर्षभर सारखी नसते, म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीला हा फरक 11 मिनिटांवर येतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला 41 वर जातो. हे रिकन्सिलिएशन जुळतं तेव्हा जो आनंद होतो तो बँकवाल्यालाच विचारा! आपल्यापैकी किती जणांनी नातवंडांना तिथे नेलंय? महाकालला जातो, तिथून परत.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती मला जास्त टोचते. मुलं शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी बोलतात. मराठी उरली स्वयंपाकघरात. पण आकाश अजून आपल्या भाषेत शाबूत आहे. कार्तिक का, तर पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांजवळ असतो. मार्गशीर्ष का, तर मृगशीर्षाजवळ. हे एकदा वर बोट करून दाखवलं की मराठी महिने पाठ करायची गरज राहत नाही. लग्नात अरुंधती दाखवायचा विधी आहे. हल्ली लग्न भर दुपारी, भटजी हॉलच्या छताकडे बोट दाखवतात आणि नवरानवरी पंख्याला नमस्कार करतात. चैत्र-वैशाखातल्या रात्री सप्तर्षींत वसिष्ठाशेजारची अरुंधती नुसत्या डोळ्यांनी दिसते. दुर्बिणीतून तर वसिष्ठच दोन ताऱ्यांचा निघतो. जयंत नारळीकरांचं बालपण बनारसला गेलं, तरी त्यांनी विज्ञान मराठीत लिहिलं. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही येईल. आपल्याला तेवढं नाही जमणार, पण प्रश्न ऐकून घ्यायला काय हरकत आहे?

आणि हे सगळं करायचं कशासाठी? 22 जुलै 2009 आठवा. खग्रास सूर्यग्रहणाच्या पट्ट्यात आपलं इंदूर होतं. सकाळी साडेसहाच्या आत, सुमारे तीन मिनिटं. ढग होते, तरी दिवसाढवळ्या अंधार झाला, पक्षी गप्प झाले. मी गच्चीवर होतो. आजूबाजूच्या बहुतेक गच्च्या रिकाम्या, दारं-खिडक्या बंद. लोक सुरतेपासून पाटण्यापर्यंत त्या पट्ट्यात मुद्दाम जाऊन पोहोचले होते, आणि आपल्या दारात आलेलं आपण दार लावून घालवलं. धमकावून किंवा हसून ही भीती जात नाही. ओळखीच्या माणसाने, ओळखीच्या भाषेत, पुन्हा पुन्हा दाखवल्यावर जाते. 2 ऑगस्ट 2027 ला दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास आहे. पाऊस उघडला तर ग्रहणाचे चष्मे लावून मुलं बाहेर दिसली पाहिजेत. साध्या काळ्या चष्म्याने किंवा एक्स-रे फिल्ममधून मात्र कोणी बघू नये.

खर्चाचं म्हणाल तर एक साधी द्विनेत्री पुरते. कृत्तिकांत नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, तिच्यातून कितीतरी. जागा म्हणून शहराबाहेर कोणाचं शेत. दाखवायला कॉलेजात विज्ञान शिकणारी आपलीच पोरं, त्यांना जाण्या-येण्याचा खर्च द्या. मोबाइल खिशात, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं, आणि मग थर्मासमधला चहा.

आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे: वर्षाला बारा शुक्ल अष्टम्या, पावसाळ्याच्या चार वजा, राहिल्या आठ. हिशेब मी ठेवीन. दुर्बीण हाताळणारं कोणी तुमच्या घरात असेल तर कळवा.