गप्प बसणारे प्रोग्राम आणि त्यांचे वकील

युनिक्सवाल्यांचं एक लाडकं तत्त्व आहे: सांगण्यासारखं काही नसेल तर प्रोग्रामने गप्प बसावं. मान्य! फाइल कॉपी झाल्यावर 'सीपी'ने माझं अभिनंदन करावं अशी माझी अजिबात अपेक्षा नाही. पण काम न होताही गप्प बसणाऱ्या स्क्रिप्टची वकिली करायला लोक हेच तत्त्व पुढे करतात, तेव्हा डोकं फिरतं. अहो, ते मौन काम झाल्यावरचं आहे. काम फसलं तर बोंब मारायला स्टँडर्ड एरर आहे, एक्झिट कोड आहे. शून्य म्हणजे ठीक, बाकी काहीही आलं तर जरा बघा.

या दोन्ही वाटा आपणच बुजवतो. कुणाला लॉगमधली कटकट नको असते, तो सगळे एरर डेव्ह-नलमध्ये ओततो. दुसरा ओळीच्या शेवटी दोन उभ्या दांड्या देऊन 'ट्रू' लिहितो, म्हणजे काहीही झालं तरी पास. (आमच्या शाळेत अशी सोय नव्हती.)

सगळ्यात बेरकी प्रकार म्हणजे पाइप. डेटाबेसचा डंप घेऊन जीझिपला द्यायचा, ही ओळ तुमच्याही सर्व्हरवर असेल. डंप पहिल्याच पावलाला मेला, तरी जीझिप रिकाम्या हाताने आपलं काम चोख करतो. २० बाइटची फाइल तयार! आणि शेल शेवटच्या कमांडचाच एक्झिट कोड धरतं, म्हणून वर शून्य. रोज रात्री बॅकअप 'यशस्वी'.

नुसतं ओरडूनही भागत नाही, ते कुणाच्या तरी कानावर पडावं लागतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी उडवली गेली. बॅकअप बघायला गेले तर तिथे काहीच नाही. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंप चालत होता ९.२ चा, त्यामुळे तो एरर देऊन थांबत होता. त्याच्या ईमेल समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता. शेवटी सुमारे ६ तासांपूर्वीचा स्नॅपशॉट हाती लागला म्हणून निभावलं, पण मधल्या ६ तासांचा डेटा गेला तो गेलाच.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "चालवणाऱ्याने तपासायला नको?" म्हणजे स्क्रिप्ट लिहिणारा घरी झोपणार आणि रात्री तीनला सपोर्टवरचं पोरगं शिव्या खाणार. ते बिचारं तपासतंच हो. एक्झिट कोड छापून बघतं: १२७ आला तर कमांडच सापडली नाही (क्रॉनचा पाथ तुमच्या टर्मिनलसारखा नसतो), १३७ आला तर प्रोसेस कुणीतरी मारली, बहुतेक वेळा मेमरी संपली म्हणून. पण तुम्ही सगळीकडे शून्यच पेरून ठेवलं असेल तर त्याने एस-ट्रेस लावून एकेक सिस्टिम कॉल वाचत बसायचं का?

स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाइपफेल चालू करायला एक ओळ लागते. २०२४ च्या पॉझिक्समध्येही ते आलंय, तेव्हा "ते स्टँडर्ड नाही" ही सबबसुद्धा आता उरलेली नाही.