मूळ गाव दाखवणार कोण?

२९ डिसेंबर २०१९ रोजी आयर्लंडचे तत्कालीन पंतप्रधान लिओ वराडकर मालवण तालुक्यातील वराड या आपल्या वडिलांच्या मूळ गावी आले. वराडकर कुटुंबाच्या तीन पिढ्या सोबत होत्या आणि गावाने त्यांचे अगत्याने स्वागत केले. प्रसंग अभिमानाचा होता. परंतु पंतप्रधानांना गाव शोधावे लागले नाही. ते आडनावातच होते आणि दिमतीला प्रशासन होते. प्रश्न आहे तो यांपैकी काहीच हाताशी नसणाऱ्यांचा.

१८३४ पासून गिरमिट पद्धतीने साडेचार लाखांहून अधिक भारतीय मॉरिशसला नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी श्रमिकही होते. त्यांच्या वंशजांनी गणेशोत्सव जपला, मराठी जपली. सुटले ते गाव. तरीही माग पुरता बुजलेला नाही. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या काळच्या नोंदवह्या आहेत आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक स्मृतिठेव्यात स्थान दिले. नाव, वय, जात, जिल्हा, गाव असा तपशील त्यांत सापडतो.

अडचण पुढे आहे. इंग्रजी कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले गावाचे नाव ओळखायचे कोणी? ‘खेड’ म्हणजे रत्नागिरीतील की पुण्याजवळचे? १९८१ पूर्वी सिंधुदुर्ग हा जिल्हाच नव्हता. मालवणचा माणूस कागदावर रत्नागिरीचाच. हा उलगडा दूतावासात किंवा संगणकावर बसून होत नाही. त्यासाठी वाड्या, देवस्थानचे मानकरी आणि भावकी ठाऊक असलेला स्थानिक माणूसच लागतो.

ज्या आयर्लंडचे वराडकर पंतप्रधान होते, त्या देशाने हे ओळखले आहे. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात तेथील सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि जवळपास तितकीच देशोधडीला लागली. १९२२ मध्ये डब्लिनचे अभिलेखागार आगीत भस्मसात झाले. तरीही ‘आयर्लंड रीचिंग आउट’ या उपक्रमाने गावोगावी स्वयंसेवक उभे केले आहेत. ते परदेशस्थ वंशजांच्या शंकांना उत्तरे देतात. पाहुणा आला की त्याला पूर्वजांचे प्रार्थनास्थळ, दफनभूमी, घराचा चौथरा दाखवतात. कागद जळाले तरी माणसे पुढे आली. आपल्याकडे कागद शाबूत आहेत. माणसे मात्र पुढे आलेली नाहीत.

केंद्र शासनाने २००८ मध्ये मूळ शोधून देण्याची योजना आणली होती. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमधील सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशजांसाठी ओसीआय कार्डाची विशेष तरतूद जाहीर केली. कार्ड दिल्ली देईल. गाव कोण दाखवणार?

आमच्या मार्केट यार्डात हापूसची पेटी आली की पहिला प्रश्न असतो, ‘कुठली? देवगडची की रत्नागिरीची?’ २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकनही मिळाले. आंब्याच्या मुळाविषयी एवढी दक्षता बाळगणारा समाज त्याच मातीतून गेलेल्या माणसांविषयी उदासीन राहतो, हे भूषणावह नाही.

काम अवघड नाही. त्यासाठी पथ्ये मात्र हवीत. गावागावांत एकदोन जाणत्यांनी हे दायित्व स्वीकारावे. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या पाहाव्यात. जुने दप्तर मोडीत असते. पुण्यातील मोडी वाचकांनी काही तास द्यावेत. नोंदवहीत जात आहे म्हणून पाहुण्याचे स्वागत वाडीगणिक बदलता कामा नये. ज्या वाडीतून पूर्वज निघाला, तिथवर संपूर्ण गावाने त्याच्यासोबत चालत जावे. ‘हा हिस्सा मागायला आला काय?’ ही भावकीची धास्ती आधीच बोलून दूर करावी. आणि धागा जुळला नाही, तर तसे स्पष्ट सांगावे. पाहुण्याला खूश करण्यासाठी खोटा चौथरा दाखवणे ही पूर्वजांचीच प्रतारणा आहे.

पूर, भूकंप आला की धावून जाणारे कार्यकर्ते आपल्याकडे कमी नाहीत. गिरमिटावर अंगठा उठवून गेलेल्यांपैकी अनेकांना परतीची वाट दिसलीच नाही. त्यांच्या पाचव्या-सहाव्या पिढीला ती दाखवणे हेही तितकेच निकडीचे सेवाकार्य आहे. गावातले जाणते वृद्ध आज आहेत, तोवरच ते होऊ शकेल.