उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. लहानपणी ती कानी पडली म्हणजे मला उकिरड्याची कीव येई. बारा वर्षे वाट पाहावयाची ती कशासाठी, तर अखेर कोणी फावडे घेऊन येईल आणि आपल्याला शेतावर नेऊन पसरील! आता सत्तरी उलटल्यावर, हैदराबादेत चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत बसून त्याच म्हणीचा मला नव्याने विचार करावा लागला. कारण गेल्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरात एक यंत्र येऊन दाखल झाले आणि ते उकिरड्याचे पांग एका रात्रीत फेडण्याची हमी देत होते.

यंत्र बेंगळुरूच्या लेकीने पाठविलेले. "आई, कचऱ्याच्या गाडीसाठी रोज चार मजले खाली-वर करतेस, ते आता पुरे कर," असे तिने दूरध्वनीवरून बजावले होते. दिसायला ते तांदळाच्या मोठ्या डब्याएवढे. आत भाजीचे देठ, साली, चहाचा चोथा, उरलेसुरले अन्न टाकावयाचे, झाकण लावावयाचे आणि कळ दाबावयाची. तळ तापतो, पाती हळूहळू फिरतात, निघालेली वाफ कोळशाच्या गाळणीतून जाते, त्यामुळे वास फारसा येत नाही. रात्री निजताना घातलेली अंबाडीची देठे, दोडक्याच्या शिरा आणि केळ्यांच्या साली यांची सकाळी ओंजळभर तपकिरी भुकटी झालेली असे. सोबतच्या पत्रकावर तिला 'खत' म्हटले होते. मीही म्हणू लागले.

आमच्या गॅलरीत सासूबाईंची तुळस आहे. शालिबंड्याचे जुने घर सोडताना त्यांनी स्वतःच्या हातांनी उचलून आणलेली वस्तू ती एवढीच. मूळ रोप अर्थातच कधीच गेले; पण दर वर्षी त्याच्या मंजिऱ्या चुरून नवे रोप करावयाचे हा क्रम त्यांनी कधी चुकविला नाही. आज त्यांना एक्याण्णवावे वर्ष चालू आहे, दृष्टी अधू झाली आहे. तरी सकाळी भिंतीच्या आधाराने जाऊन तुळशीला पाणी घालतात. ऐन आश्विनात, तुळशीच्या लग्नाला महिना उरला असता, मी मोठ्या कौतुकाने त्या कुंडीत दोन ओंजळी भुकटी घातली आणि पाणी शिंपडले. चौथ्या दिवशी भुकटीवर पांढरी बुरशी आली. आठव्या दिवशी पाने पिवळी पडून माना टाकू लागली. पंधरवड्यात तुळस वाळली.

सासूबाईंनी मला दोष दिला नाही. कुंडीतील माती चिमटीत घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "ही माती नव्हे ग. हे आंबलेले अन्न आहे." यंत्राच्या पत्रकात जे लिहिले नव्हते, ते त्यांच्या नाकाने सांगितले.

त्या दिवसापासून मी या विषयाचा पाठपुरावा केला. जे उमगले ते वाचक भगिनी-बंधूंपुढे ठेवणे हे माझे कर्तव्य समजते. कारण ही यंत्रे आता आपल्या अनेक घरांत येऊ घातली आहेत आणि त्यांची किंमत साधारण शीतकपाटाइतकी असते.

पहिली गोष्ट ही, की घरगुती यंत्रांत दोन जाती आहेत. एक जात कचरा तापवून वाळविते आणि दळते. काही तासांत काम उरकते ती हीच, आणि आमच्याकडचे यंत्र याच जातीचे. दुसरी जात कचऱ्यात जिवाणूंचे विरजण घालून त्याला ऊब देते आणि अधूनमधून ढवळते. तिच्यात कुजण्याची क्रिया खरोखर सुरू होते. पण तीही एका रात्रीत पूर्ण होत नाही. पहिल्या जातीतून निघते ते खत नव्हेच. वाळविलेल्या मिरच्यांना जसे आपण लोणचे म्हणत नाही, तसेच हे. ती भुकटी ओल लागताच जागी होते आणि मग कुंडीतच कुजू लागते. कुजविणारे जिवाणू मातीतील प्राणवायू आणि नत्र स्वतःसाठी ओढून घेतात, आम्ले तयार होतात, माती कोंदते, आणि कोवळ्या मुळांचा जीव जातो. त्यातून आपल्या घरचे उरलेले अन्न म्हणजे मीठ आलेच. आमटी, लोणचे, पापड यांतील पाणी उडून जाते, मीठ मात्र सगळे मागे उरते. तुळशीला मी एका अर्थी खारवले होते.

मग खत होते तरी कसे? याचे शास्त्र ज्या गावी नीट मांडले गेले ते गाव आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांचे, होळकरांचे इंदूर. तेथे १९२४ साली वनस्पती-उद्योगाची संशोधनसंस्था स्थापन झाली. तिचे प्रमुख आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ. शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, योग्य ओल राखून, ठरावीक दिवसांनी उलथापालथ करून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत कसे होते, हे तेथे प्रयोगाने सिद्ध करण्यात आले. ही 'इंदूर पद्धत' पुढे जगभर पोहोचली. १९३१ साली 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर' या नावाने तिच्यावर जे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने सहलेखक म्हणून यशवंत वाड हे नाव आहे. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्ड यांचा गौरव वारंवार होतो. वाडांचे नाव मात्र आपल्या घरांतही फारसे कोणी घेत नाही, याची खंत वाटते.

इंदूर पद्धतीचे मर्म थोडक्यात सांगता येते. हिरव्या, ओल्या पदार्थांत नत्र अधिक. वाळलेल्या पानांत, काडीत, लाकडाच्या भुशात कर्ब अधिक. दोहोंचा मेळ बसला, हवा खेळती राहिली आणि पिळलेल्या फडक्याइतकी ओल टिकली, की जिवाणू आपले काम चोख करतात. ढीग आपोआप तापतो, मग निवतो, आणि निवाल्यावर मुरतो. हे मुरणे कोणत्याही यंत्राला टाळता आलेले नाही. म्हणीतील बारा वर्षांचे इंदुरात तीन महिने झाले, हीच मोठी मजल होती. तीन महिन्यांची एक रात्र करणे यंत्राला जमले, ते मधले काम गाळून.

आता विजेचा हिशेब. एक किलो पाण्याची वाफ करावयाची तर पाऊण युनिटाच्या आसपास वीज लागते. हा निसर्गाचा नियम आहे, त्यात कारखानदारास सूट नाही. भाजीच्या कचऱ्यात पाऊण हिश्श्याहून अधिक पाणीच असते. पाती, पंखा आणि वाया जाणारी उष्णता धरली, तर किलोभर कचरा वाळविण्यास युनिटभर वीज सहज जाते. याउलट आपल्याच शहरातील बोवेनपल्लीच्या भाजी बाजाराचे उदाहरण पाहा. तेथे तार्नाक्याच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीने भाजीच्या कचऱ्यापासून वायू आणि वीज निर्माण करण्यात येऊ लागली. जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधानांनी आपल्या आकाशवाणीवरील भाषणात तिचा उल्लेख केला, तेव्हा रोज सुमारे १० टन कचऱ्यापासून ५०० युनिट वीज, असा तिचा हिशेब सांगितला जात होता. म्हणजे २० किलो कचऱ्यामागे एक युनिट. बोवेनपल्लीला जी वीज मिळविण्यास वीस किलो कचरा लागे, ती आमचे यंत्र एका किलोवर खर्च करीत होते! हा हिशेब मी लेकीला ऐकविला, तेव्हा ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "मग परत पाठवू का ग?"

पाठवू नकोस, असेच मी म्हणाले. त्याचे कारण सांगते. आपल्या दारातून कचरा गेला म्हणजे तो नाहीसा झाला असे नव्हे. हैदराबादचा कचरा वर्षानुवर्षे शहराच्या ईशान्येस जवाहरनगरला जाऊन पडला. ओला आणि सुका एकत्र दडपला गेला, की आत हवा शिरत नाही, ज्वालाग्राही मिथेन वायू तयार होतो आणि काळे पाणी झिरपू लागते. त्या पाण्याने तेथील मलकाराम तलाव नासला. आसपासच्या वस्त्यांनी दुर्गंधी आणि दूषित पाणी सोसले. २०१५ साली महानगरपालिकेने घरोघर हिरवी व निळी बालदी वाटली, ओल्यासाठी हिरवी आणि सुक्यासाठी निळी. त्यातील हिरवी आमच्या इमारतीत अनेकांनी कपडे भिजविण्यासाठी वापरली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या शालिबंड्याच्या घरी भाजीची देठे शेजारच्या गवळ्याची म्हैस खाई आणि उरलेले परसात जिरे. परस गेला, म्हैस गेली. कचरा मात्र तितकाच राहिला, किंबहुना वाढला. तेव्हा ज्या घरी परस नाही, गॅलरी नाही, उतारवयामुळे ढवळाढवळ होत नाही, त्या घरी हे यंत्र निरुपयोगी म्हणता येणार नाही. ते कचऱ्याचे वजन आणि वास कमी करते, कुजणे थांबवून धरते. खत मात्र आपणच करावयाचे.

ते कसे, ते अनुभवाने सांगते. एका जुन्या बालदीला बुडाशी व बाजूंना भोके पाडावीत. भुकटीचा एक भाग आणि कुंडीतील जुन्या मातीचे चार भाग, मूठभर वाळलेला पाला घालून कालवावेत व किंचित ओलवून झाकून ठेवावेत. पहिल्या आठवड्यात मिश्रण कोमट होईल, बुरशी येईल; घाबरू नये. दर चार दिवसांनी हलवावे. आमच्याकडे हैदराबादच्या हवेत पाच-सहा आठवडे लागले. यंत्रात आंब्याच्या कोयी, करवंट्या, मोठी हाडे घालू नयेत, पाती अडकतात. तेलकट व खारट पदार्थ फार नसावेत. आमटी-भाजी उरली असेल तर पाण्याने धुऊन, निथळून घालावी.

ज्यांच्या घरी गॅलरी आहे त्यांनी यंत्राच्या वाटेसही न जाता मातीचा माठ घ्यावा. बेंगळुरूच्या 'डेली डंप'ने २००६ पासून तीन मजली मातीचे कुंभ प्रचारात आणले. पण बाजूला भोके पाडलेले साधे दोन माठही चालतात. तळाशी वाळलेली पाने, त्यावर चिरलेला ओला कचरा, वर पुन्हा पाने. कचऱ्याच्या दुप्पट पाने असावीत. विरजण म्हणून मूठभर जुने खत किंवा थोडे आंबट ताक. पहिला माठ भरला की तो मुरत ठेवावा आणि दुसरा भरू लागावा. चिलटे झाली किंवा वास आला तर समजावे, ओल जास्त झाली, पाने वाढवावीत. मे महिन्याच्या उन्हात उलट पाणी शिंपडावे लागते. दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. वीज शून्य.

खत झाले की नाही, याची परीक्षा घरच्या घरी होते. ते हातात घेतले असता पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास यावा, साल किंवा देठ ओळखू येऊ नये. त्याहून खात्रीची परीक्षा मेथीच्या दाण्यांची. खत आणि माती समभाग घेऊन दहा दाणे पेरावेत. आठवड्यात आठ-नऊ उगवले तर खत मुरले. दोन-तीनच उगवले तर अजून थांबावे.

ही परीक्षा मी पहिल्यांदा घेतली तेव्हा चारच उगवले. सासूबाईंच्या फडक्यात आदल्या वर्षीच्या मंजिऱ्या बांधून ठेवलेल्या होत्या. पण त्या मातीत पेरण्याचा धीर मला झाला नाही. आणखी तीन आठवडे थांबले. दुसऱ्या खेपेस नऊ दाणे उगवले, तेव्हा कोठे मंजिऱ्या चुरल्या. त्या वर्षीचे तुळशीचे लग्न मात्र शेजारणीकडून मागून आणलेल्या रोपाशी लावावे लागले, आणि ते लावताना सासूबाई काही बोलल्या नाहीत, हे मला अजून लागते.

आता कुंडीत वीतभर रोप आहे. सासूबाई रोज पाणी घालण्यापूर्वी मातीची चिमूट नाकाशी नेतात. अलीकडे त्या एवढेच म्हणतात, "ठीक आहे."

गुलबर्गा, बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर येथील वाचकांकडे याहून सोपी रीत असेल, तर त्यांनी ती अवश्य लिहून कळवावी. विशेषतः इंदूरकरांनी, त्यांच्या गावाचा या विषयावर हक्कच आहे.