विश्लेषण : कोंबड्या एकमेकींची पिसे का उपटतात? चोच कापून प्रश्न सुटतो का?

ऑफिसात कोण कोणाला सुनावू शकतो, हे सांगायला आपण 'पेकिंग ऑर्डर' हा शब्द सर्रास वापरतो. तो खरोखरच कोंबड्यांकडून आला आहे. नॉर्वेच्या थोरलीफ श्येल्डरूप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्या निरखण्याचा नाद होता. कळपात कोण कोणाला टोचणार हे ठरलेले असते, असे त्यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडले. एकदा क्रम ठरला की भांडणे कमी होतात. खालची कोंबडी मुकाट बाजूला होते.

मग लेयर पोल्ट्रीत पाठ उघडी पडलेल्या, शेपटीजवळ रक्ताळलेल्या कोंबड्या का दिसतात? 'त्यांची जातच भांडखोर' हे उत्तर सोपे आहे, पण चुकीचे.

टोचण्या-टोचण्यात फरक काय?

वर्चस्वाची चोच डोक्यावर, तुऱ्यावर बसते. पिसे उपटणारी चोच पाठीवर आणि शेपटीच्या बुडाशी लागते, तीही बहुतेकदा रागाविना. कोंबडी मोकळी असेल तर दिवसाचा मोठा भाग माती उकरण्यात, दाणे-किडे टिपण्यात घालवते. पायाखाली तारेची जाळी असली की उकरायला काहीच उरत नाही. मग समोर असतात शेजारणीची पिसे. रक्त दिसले की बाकीच्याही तिथेच टोचतात आणि प्रकरण जिवावर बेतते.

यावरचा रूढ उपाय म्हणजे डिबीकिंग. पिल्लू लहान असतानाच तापलेल्या पात्याने चोचीचे टोक कापतात. हे टोक नखासारखे निर्जीव नसते, त्यात मज्जातंतू असतात. कोंबडी जग चाचपते ते चोचीनेच. इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये अलार्म सारखा वाजतो म्हणून आम्ही त्याची वायरच काढून ठेवली होती. डिबीकिंग मला त्याच पठडीतले वाटते.

दुसरा मार्ग आहे का?

आहे, आणि तो जुना आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या विल्यम म्यूर यांनी सर्वाधिक अंडी देणारी एकेक कोंबडी निवडण्याऐवजी अख्खा पिंजरा निवडला. एका बापाच्या पिल्ल्या एका पिंजऱ्यात ठेवायच्या आणि ज्या पिंजऱ्याचा एकत्रित निकाल चांगला, त्यातून पुढची पिढी घ्यायची. चोची कापलेल्या नव्हत्या. १९९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार वार्षिक मरतूक दुसऱ्या पिढीत ६८ टक्के होती, ती चौथ्या पिढीत ८.८ टक्क्यांवर आली. पिंजऱ्यात सोडलेल्या दर कोंबडीमागे वर्षाची अंडी ९१ वरून २३७ झाली. एकेकटीचा विक्रम पाहून निवड केली, तर शेजारणीला दाबून वर आलेलीही त्यात निवडली जाऊ शकते.

नुसता पिंजरा काढल्यानेही भागत नाही. मोकळ्या शेडमध्ये पिसे उपटण्याची सवय उलट जास्त पक्ष्यांत पसरू शकते. पिल्लूपणापासून पायाखाली तूस किंवा भुसा, बसायला दांडे, टोचायला पेंढ्याच्या गठड्या, खाद्यात पुरेसा चोथा, हे सगळे लागते. स्वीडनसारख्या देशांत चोच कापायला बंदी आहे आणि तिथेही अंड्यांचा धंदा चालतो.

यात सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे मला पटत नाही. तो हॅचरीतून येणारी पिल्ले घेतो. पक्ष्याचे वाण मोजक्या ब्रीडिंग कंपन्या ठरवतात. त्यांच्या माहितीपत्रकात अंड्यांचा आकडा ठळक असतो. चोच न कापता, कळपात ठेवल्यावर यातले किती पक्षी वर्षभर जगतात, हा आकडाही शेतकऱ्याने ऑर्डर देण्याआधी मागायला हवा.