'माजूर' म्हणजे कोण?

आपल्या घरांत अपंग माणसाला 'माजूर' म्हणतात. शब्द अदबीचा वाटतो. पण तो 'उज्र' म्हणजे सबब यावरून आला. माजूर म्हणजे ज्याला सूट दिली तो. सूट देता देता शाळा, नोकरी, लग्न, सभा, सगळ्यांतूनच आपण त्याला वगळतो. पंतप्रधानांनी २०१५ मध्ये 'मन की बात'मधून सुचवलेला 'दिव्यांग' सरकारी पाट्यांवर आला, तेव्हा अपंगांच्या अनेक संघटनांनीच विरोध केला. दिव्यत्व नको, हक्क द्या, असा त्यांचा सूर होता. मलाही तो शब्द पटत नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. ऑनलाइन केवायसी करताना 'डोळ्यांची उघडझाप करा' अशी सूचना येते. अंध व्यक्ती, अ‍ॅसिडहल्ल्यात डोळे गमावलेली स्त्री तिथेच अडकते. अशाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सुविधा मिळणे हा कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. मग माजूर कोण, ती स्त्री की ते अ‍ॅप?

'आंधळा', 'लंगडा', 'पागल' या शिव्या तर आजच बंद करा. बाकी 'अंध', 'कर्णबधिर', 'अपंग व्यक्ती' यांतले काय म्हणायचे, ते त्यांनाच विचारावे. पण विचारायला ते समोर हवेत, आणि आपल्या बहुतेक बैठका लिफ्ट नसलेल्या दुसऱ्या मजल्यावर होतात.