शेळीएवढा हत्ती

उत्तर बंगालच्या डुआर्समध्ये, चहाच्या मळ्यांना लागून आमची छावणी होती. भात पिकायला लागलं की हत्ती येत, कधी थेट लंगरच्या मागच्या भिंतीपर्यंत. एका संध्याकाळी माझ्या कंपनीतला एक पोरगा मोबाईल घेऊन पुढे गेला. हत्ती कान पसरून चार पावलं धावला आणि थांबला. पोरगा पळताना नाल्यात पडला, कॉलरबोन मोडलं. झापायचं ठरवूनच हॉस्पिटलात गेलो, तर म्हणतो, "साहेब, मोबाईलात तो शेळीएवढा दिसत होता, म्हणून जरा पुढं सरकलो."

त्याचं गणित बरोबर होतं. साधारण पावणेतीन मीटर उंचीचा हत्ती शंभर मीटरवर उभा असेल, तर फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या ४०० मिमी लेन्समध्ये तो जवळजवळ अर्धी चौकट भरतो. मोबाईलची नेहमीची लेन्स २६ मिमीच्या आसपासची. तिच्यात तेवढाच हत्ती हवा असेल तर साडेसहा मीटरवर जावं लागतं! मोबाईल माणसाला पायी पुढे ढकलतो, आणि धावण्यात हत्ती आपल्याला ऐकत नाही.

'हत्तींचे फोटो काढण्यास सक्त मनाई' हा हुकूम दोन महिन्यांपूर्वी मीच काढला होता. एवढं जनावर दारात आल्यावर तो कोण पाळणार? माझं मत आता उलट आहे: फोटो काढू द्या, पण लांबून काढायला शिकवा. अंतराचा अंदाज आपल्याला खडकवासल्यापासून घोटून घेतलेला असतो; शंभर मीटर म्हणजे फुटबॉलचं मैदान, हे जवानाला सांगावं लागत नाही.

बाकी तंत्र थोडकंच. जिप्सीतून उतरायचं नाही. इंजिन बंद, नाहीतर लेन्स थरथरते. खिडकीवर तांदळाची छोटी पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवायची, शटर १/५०० च्या खाली नको. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा लांबचं चित्र पाण्यासारखं हलवते, तेव्हा सकाळच बरी. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा, फोटो दाणेदार येईल, येऊ दे. फ्लॅश कधीच नाही. आणि चरणारा हत्ती एकदम स्तब्ध झाला, सोंड उचलून वास घेऊ लागला, तर कॅमेरा खाली ठेवून निघायची तयारी.

खांदा बरा झाल्यावर माझी जुनी लेन्स त्या पोराला दिली. त्याचा पहिला फोटो शेपटीचा आला.