१२ तास यंत्राचे, १५६ तास घरचे

डायलिसिस सेंटरच्या दारावर एक पाटी हमखास असते: 'नातेवाईकांनी बाहेर थांबावे.' जंतुसंसर्गाच्या दृष्टीने ती योग्यच आहे, तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार अशी की हे नातेवाईक नंतर उपचाराच्याही बाहेरच राहतात. सही करायला, पैसे भरायला आणि मेडिकलमधून इंजेक्शन आणायला तेवढी त्यांची आठवण होते. आणि खुद्द रुग्णाला? 'वजन करा, झोपा, हात सरळ ठेवा.' चार तासांनी 'उठा, परवा या.' दोन-दोन वर्षे डायलिसिसवर असलेली माणसे आम्ही पाहिली आहेत, ज्यांना स्वतःचे 'ड्राय वेट' किती हे ठाऊक नाही.

थोडा हिशोब मांडू. आठवड्याचे तास १६८. डायलिसिस तीनदा, दरवेळी चार तास, म्हणजे १२ तास. उरलेले १५६ तास रुग्ण घरी असतो, आणि त्या तासांत ना डॉक्टर जवळ असतो ना टेक्निशियन. जवळ असते ती बायको, आई, सून किंवा दहावीतला मुलगा. आपल्याकडे बसभाड्यापायी, सोबत्याच्या बुडणाऱ्या रोजापायी किंवा सेंटरात जागा नाही म्हणून कित्येकांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदाच होते. मग घरचे तास १६० झाले. इतका वेळ ज्यांच्या हाती रुग्ण आहे, त्यांना काही न शिकवता घरी पाठवणे हा कसला उपचार?

आमच्या माहितीतल्या एका घरची गोष्ट सांगतो. चोविशीतला मुलगा, कुरिअरच्या कामाला होता. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. गावी लग्न निघाले म्हणून शनिवारचे डायलिसिस चुकले. सेंटर रविवारी बंद. सोमवारी पहाटे पोराचे हातपाय गळाले, म्हणून आईने अशक्तपणावर उपाय म्हणून शहाळे पाजले, वर मोसंबीचा रस दिला. दवाखान्यात पोचण्याआधीच तो गेला. शहाळ्यात, फळांच्या रसात पोटॅशियम भरपूर असते. निरोगी माणसाचे मूत्रपिंड ते लघवीवाटे बाहेर टाकते, डायलिसिसच्या रुग्णाचे ते रक्तातच साठते, आणि फार वाढले की हृदय बंद पडते. हातपाय गळणे हीच त्याची एक खूण असते. मधला खंड जितका लांब तितका धोका अधिक. त्या माउलीला दोष देणारे शेजारीपाजारी खूप निघाले. आमचा प्रश्न एवढाच की तिला हे कोणी आणि कधी सांगितले होते? तिच्याकडच्या फाईलमध्ये आहाराचा एक कागद होता. तो इंग्रजीत होता.

आता दुसरे घर. नवरा पूर्वी रिक्षा चालवायचा, बायको चार घरची धुणीभांडी करते. ताई सातवीपर्यंत शिकलेल्या. पहिल्या महिन्यापासून त्यांनी दोनशे पानी वही घातली. डायलिसिसच्या आधीचे वजन, नंतरचे वजन, रक्तदाब, किती पाणी काढले, सगळे लिहीत गेल्या. टेक्निशियन आधी हसले, 'मावशी, आमच्याकडे सगळं लिहिलेलं असतं.' आठ महिन्यांनी ताईंच्या ध्यानात आले की दर वेळी यंत्रावरून उतरताना वजन तेच ५६ किलो भरते, पण गालफडे बसलीत, दंड बारीक झालेत आणि रात्री उशीला टेकून बसल्याशिवाय श्वास पुरत नाही. त्यांनी वही डॉक्टरांपुढे ठेवली आणि विचारले, 'साहेब, अंगावरचं मांस कमी झालं तर वजन तेवढंच कसं राहिलं?' डॉक्टर भले होते, त्यांनी वही वाचली. मांस घटले होते आणि त्या जागी पाणी भरले होते. ड्राय वेट हळूहळू दोन किलोने उतरवले, तेव्हा नवरा आडवा झोपू लागला. सेंटरच्या कागदांतही हेच आकडे होते. पण ते आकडे आणि तो माणूस शेजारी शेजारी ठेवून पाहणारे डोळे घरात होते.

ड्राय वेट म्हणजे शरीरातले जादा पाणी काढल्यावर रुग्णाचे जे वजन असायला हवे ते. आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून आम्हाला ती आरंभीची शिल्लक वाटते. त्यापुढे पोटात गेलेले एक लिटर पाणी म्हणजे वजनात एक किलो जमा. लघवी होत नसेल तर खर्चाची बाजू कोरीच, सगळा निपटारा यंत्राने करायचा. चार तासांत चार लिटर ओढायची वेळ आली की पायात गोळे येतात, रक्तदाब एकदम खाली येतो, रुग्ण म्हणतो 'अर्धा तास आधी काढा.' तो आधी उतरतो, पाणी अंगात उरते आणि पुढच्या वेळी आणखी ओढावे लागते. हे चक्र घरातल्या मिठाच्या बरणीपासून सुरू होते. पाणी कमी पी म्हणून रुग्णावर ओरडण्यात अर्थ नाही. मीठ खाल्ले की तहान लागणारच. लोणचे, पापड, फरसाण, वडापाव आणि आपल्या आवडीचे खारवलेले मासे यांवर आधी हात आखडावा. पाण्याचा नेहमीचा ठोकताळा असा, की दिवसभरात जेवढी लघवी होते तेवढे आणि वर साधारण अर्धा लिटर. त्यातच चहा, ताक, आमटी सगळे आले. प्रत्येकाचा नेमका आकडा मात्र त्याच्या डॉक्टरांकडूनच घ्यावा. बाजारात 'कमी सोडियमचे' म्हणून मीठ मिळते, ते चांगले समजून आणू नका. त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम घातलेले असते.

एक उलटा प्रकारही फार दिसतो. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांनी डाळ, अंडी, मटण कमी करायला सांगितलेले असते. पुढे डायलिसिस लागते, पण घरात तोच जुना हुकूम चालू राहतो. वास्तविक डायलिसिसमध्ये प्रथिने वाया जातात, म्हणून या रुग्णाला ती जास्त लागतात. अंड्याचे पांढरे, ताजी मासळी, चिकन त्याच्या ताटात यायला हवे, आणि आपण त्याला साबुदाण्याच्या पेजेवर ठेवतो. जुना कागद कधी रद्द झाला हे कोणी कळवलेच नाही! ऑफिसात जुने परिपत्रक रद्द केल्याशिवाय नवे निघत नाही. इथे माणसाच्या पोटाचा प्रश्न असून तेवढीही शिस्त नाही. फॉस्फरसच्या गोळीचेही तसेच. ती जेवणातला फॉस्फरस पोटातच बांधून ठेवते, म्हणून जेवणाबरोबर घ्यायची असते. कितीतरी लोक ती सकाळी उपाशीपोटी, भक्तिभावाने घेतात.

हाताच्या फिस्टुलाबद्दलही घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. धमनी आणि शीर जोडून केलेल्या त्या जागी बोट ठेवले की घरघर जाणवते. ती रोज सकाळी तपासावी. घरघर थांबली असेल तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी सेंटर गाठावे. त्या हाताने रक्तदाब मोजू द्यायचा नाही, रक्त काढू द्यायचे नाही, सलाईन लावू द्यायचे नाही, समोर कोणीही असो. गर्दीच्या वॉर्डात नवी सिस्टर घाईत तोच हात पुढे ओढते. 'सिस्टर, हा हात नको' हे म्हणायला मोठे शिक्षण लागत नाही, पण म्हणण्याची हिंमत लागते. डायलायझर म्हणजे रक्त गाळणारी नळी जिथे धुऊन पुन्हा वापरतात, तिथे ती त्याच रुग्णासाठी वापरायची असते. तिच्यावरचे नाव सुई टोचण्याआधी रुग्णाने स्वतः वाचावे. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झाली का, बी आणि सी या दोन्ही काविळींची तपासणी शेवटची कधी झाली, हेही विचारावे.

हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. या उपचाराच्या इतिहासात रुग्ण आणि घरच्यांचा हात पहिल्यापासून आहे. हॉलंडमध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली कृत्रिम मूत्रपिंड बनवले, पण ते काही दिवसांच्या उपचारापुरते. आयुष्यभर चालणारे डायलिसिस १९६० साली अमेरिकेतल्या सिॲटल शहरात डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांच्यामुळे सुरू झाले. यंत्रे थोडी आणि रुग्ण फार, म्हणून तिथे कोणाला जगवायचे हे ठरवायला नागरिकांची एक समिती नेमली होती. या समितीने एका शाळकरी मुलीला नाकारले. तेव्हा तिथल्या इंजिनिअरांनी घरी चालेल असे लहान यंत्र बनवले आणि १९६४ साली घरच्यांना शिकवून त्या मुलीचे डायलिसिस घरीच सुरू झाले. समितीने नाकारले, तरी घरच्यांनी शिकून घेऊन जीव वाचवला. पुढे २००५ साली स्वीडनमधल्या यन्शोपिंग गावच्या ऱ्युहोव्ह इस्पितळात एका रुग्णाने आपल्या सिस्टरला म्हटले, मला हे यंत्र लावायला शिकवा. सिस्टरने शिकवले, मग इतरांनाही शिकवले, आणि तिथे रुग्ण स्वतःच यंत्र लावतात असा वेगळा विभाग उभा राहिला.

आमच्या गरीब वस्त्यांत उद्या सगळ्यांनी स्वतः सुया टोचून घ्याव्यात असे आमचे म्हणणे नाही. एका टेक्निशियनकडे कितीतरी यंत्रे, पाळीमागून पाळी, तोही माणूसच आहे. पण महिन्यातून एकदा तासभर रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना बसवून महिन्याचे रिपोर्ट मराठीत समजावून सांगणे कोणत्याही सेंटरला अशक्य नाही. जागा नसेल तर आपले समाजमंदिर आहे, तिथल्या सतरंज्या आहेत. तिथे जुना रुग्ण नव्या रुग्णाला जे शिकवील ते कोणत्याही पत्रकातून येणार नाही. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकले की पोटॅशियम बरेच कमी होते, ही युक्ती आम्हाला एका रुग्णाच्या सासूनेच सांगितली.

एक गोष्ट लिहिताना जड जाते, पण लिहिली पाहिजे. पुरुष आजारी असला की बाई काम बुडवून सोबत येते. बाई आजारी असली की ती एकटी येते, एकटी उठते, चक्कर येत असली तरी बस पकडून घरी जाते आणि सगळ्यांचा स्वयंपाक करते. स्वयंपाक सगळ्यांच्या चवीचा, म्हणजे मीठ सगळ्यांच्या मापाचे. तिची वही कोण लिहिणार? पतिराजांनी आणि मुलग्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा. निदान डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळची भाकरी तिच्याकडून मागू नये.

पैशाबाबत थोडक्यात. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाला; त्यातून जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांचे डायलिसिस मोफत होते. २०१९ साली केंद्राने पोटाच्या, म्हणजे घरी पिशव्या बदलून करावयाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या. सेंटर फार लांब असेल तर डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारावे. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. योजनेत कोणती इंजेक्शने व तपासण्या बसतात हे योजनेच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. डायलिसिससाठी जाणाऱ्या रुग्णाला व सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे, तिचा ठराविक नमुन्यातला दाखला इस्पितळातून घ्यावा. एसटीच्या आगारातही सवलतीची चौकशी करावी. आणि आपले कागद मागायला लाजू नये. रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत त्याच्या उपचाराची कागदपत्रे द्यावीत, असा डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. अर्ज साध्या कागदावर करावा व पोच घ्यावी.

वहीचे पान कसे आखावे, असे दोन-तीन भगिनींनी विचारले होते. आडवे पान घ्यावे. रकाने असे: तारीख, आधीचे वजन, नंतरचे वजन, आधीचा आणि नंतरचा रक्तदाब, किती पाणी काढले, पूर्ण चार तास झाले की आधी उतरवले, आणि का, कोणते इंजेक्शन दिले, त्रास काय झाला. पानाच्या माथ्यावर ड्राय वेट व ते ठरवल्याची तारीख लाल शाईने लिहावी. महिन्याच्या शेवटी हिमोग्लोबिन, पोटॅशियम, फॉस्फरस यांचे आकडे वेगळ्या ओळीत लिहावेत. शेवटच्या पानावर चालू गोळ्यांची यादी ठेवावी, आणि डायलिसिसच्या सकाळी रक्तदाबाची गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारून तिथेच नोंदवावे. वही रेशनकार्डाच्या झेरॉक्सबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. ती पिशवी कुठे टांगली आहे हे घरातल्या लहान पोरालाही माहीत असावे.